शेवटचा अपुरा तुकडा: यादीचे तुकडे पाडणारी छोटी लायब्ररी लिहिताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. पायथनमध्ये लिस्ट, टपल, स्ट्रिंग, जनरेटर असं काहीही दिलं की त्याचे ठरावीक मापाचे तुकडे पाडून देणारी एक छोटी लायब्ररी लिहून झाली आहे. आत एकच फंक्शन, पंधरा-वीस ओळींचं. ती सगळ्यांसाठी खुली करण्याआधी तीन गोष्टी विचारल्या आहेत. शेवटी माप पुरं न भरणाऱ्या तुकड्याचं काय करावं? सगळे तुकडे एकदम लिस्ट करून द्यावेत की मागितले तसे एकेक? आणि पायथनमध्येच आता हेच काम करणारं बॅच्ड नावाचं फंक्शन आलेलं असताना अशी लायब्ररी काढण्यात अर्थ आहे का?

पहिल्या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्या मते तुमची लायब्ररी म्हणजे त्या एकाच प्रश्नाचं उत्तर आहे. तुकडे पाडायचं काम दोन ओळींचं, ते कुणीही लिहितं. शेवटच्या तुकड्याबद्दल तुम्ही काय कबूल करता, हे मात्र लोकांना तुमच्याकडून हवं असतं.

हे मी एका बगमधून शिकलो. काही वर्षांपूर्वी रोज रात्री चालणारा एक जॉब माझ्याकडे आला. दिवसभरात बदललेल्या नोंदी डेटाबेसमधून काढायच्या, पाचपाचशेच्या बॅच करायच्या आणि दुसऱ्या सिस्टीमकडे पाठवायच्या, एवढंच त्याचं काम. तक्रार अशी होती की काही नोंदी तिकडे पोचतच नाहीत. लॉगमध्ये एकही एरर नव्हती. जॉब रोज व्यवस्थित संपत होता. शेवटी एका रात्रीचे आकडे मी हातानं मांडले: निघालेल्या नोंदी १,३४०, पोचलेल्या बरोबर १,०००. तो गोल आकडा बघितल्यावर कुठे बघायचं ते कळलं.

बॅच करणारी ओळ पायथनमधली जुनी, प्रसिद्ध युक्ती होती: एकच इटरेटर (घटक एकेक करून देणारी वस्तू) घ्यायचा, तो हव्या त्या मापाइतक्या वेळा झिपला, म्हणजे प्रत्येक बाजूचा एकेक घटक घेऊन गट करणाऱ्या फंक्शनला, द्यायचा. १ ते ७ या यादीवर माप ३ लावून ती चालवून बघा. झिप पहिल्या खेपेला १, २, ३ उचलतं. दुसऱ्या खेपेला ४, ५, ६. तिसऱ्या खेपेला ७ हातात येतो, पुढचं मागितलं तर काही मिळत नाही, आणि झिपचा नियम असा की एक जरी बाजू संपली तरी थांबायचं. म्हणजे हातात आलेला ७ तिथेच पडतो, आणि इटरेटरमधून तो आधीच निघालेला असल्यामुळे मागूनही सापडत नाही. आमच्या जॉबमध्ये तर ज्या दिवशी पाचशेपेक्षा कमी नोंदी बदलायच्या त्या दिवशी काहीच जात नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी वेळेचा शिक्का पुढे सरकल्यामुळे त्या नोंदी पुन्हा कधीच निवडल्या जात नव्हत्या. कोडला टेस्ट होती. तिच्यात १,००० नोंदी होत्या.

ही युक्ती झिपच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये आजही आहे, पण आता तिच्यासोबत स्ट्रिक्ट हा पर्याय चालू करून दाखवलेली असते. तो पर्याय २०२१ मध्ये पायथन ३.१० पासून आला. माप पुरं भरलं नाही तर मुकाट्यानं थांबण्याऐवजी व्हॅल्यूएरर येते. तो शब्द आमच्या त्या ओळीत असता तर पहिल्याच रात्री जॉब पडला असता आणि सकाळी कुणीतरी बघितलं असतं.

आता मार्ग कोणते ते बघू. अपुरा तुकडा तसाच देता येतो, टाकून देता येतो, भरणी घालून पुरा करता येतो, किंवा तो चूक मानून थांबता येतं. यातला एकही मार्ग मुळात वाईट नाही. नोंदी कुठेतरी भरायच्या असतील तर अपुरा तुकडा तसाच हवा. आवाजाच्या नमुन्यांवर ठरावीक लांबीच्या खिडकीनं गणित करायचं असेल तर अपुरी खिडकी पुष्कळदा टाकलेलीच बरी. आकडे रकान्यांत छापायचे असतील तर भरणी लागते. आणि लाल-हिरवा-निळा अशा तीन-तीन आकड्यांनी बनलेल्या चित्राच्या डेटात शेवटी दोनच आकडे उरले, तर तो डेटाच खराब आहे, तिथे थांबलंच पाहिजे.

गोची होते ती यातला एखादा मार्ग साध्या, निरुपद्रवी नावामागे ठेवल्यामुळे. क्लोजर या भाषेत पार्टिशन नावाचं फंक्शन उरलेले घटक टाकून देतं. सगळे हवे असतील तर पार्टिशन-ऑल वापरावं लागतं. नवीन माणूस साहजिकच छोटं नाव आधी उचलतो. रूबीचं ईच_स्लाइस अपुरा तुकडा तसाच देतं, पण रेल्स या रूबीच्या वेब फ्रेमवर्कनं ॲरेवर बसवलेलं इन_ग्रूप्स_ऑफ, काही सांगितलं नाही तर, रिकाम्या जागी निल (‘काहीच नाही’ असं मूल्य) भरतं. एकाच भाषेत, एकमेकांशेजारी राहणाऱ्या दोन फंक्शनांची ही दोन वेगळी उत्तरं आहेत. दोन्ही वापरणाऱ्याला हे लक्षात ठेवावं लागतं.

मला सगळ्यात पटलेली मांडणी रस्ट या भाषेची. तिथे स्लाइसवर चंक्स आहे, ते शेवटचा छोटा तुकडाही देतं. शेजारी चंक्स_एक्झॅक्ट आहे, ते फक्त पुरे तुकडे देतं. नावातच अट आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे चंक्स_एक्झॅक्ट उरलेले घटक फेकून देत नाही; रिमेंडर म्हटलं की ते वेगळे हातात मिळतात. टाकायचे असतील तर टाका, पण ते टाकणं तुमच्या कोडमध्ये दिसतं. शिवाय प्रत्येक तुकडा त्याच लांबीचा असल्याची हमी असल्यामुळे कंपायलरला आतल्या लूपवर जास्त चांगलं काम करता येतं, हा वेगळा फायदा.

तुमच्या फंक्शनसाठी माझी सूचना अशी. काहीच सांगितलं नाही तर अपुरा तुकडा तसाच द्या, म्हणजे कुठलाही घटक हरवणार नाही. टाकणं आणि थांबणं हे दोन पर्याय एकाच नावाच्या पॅरामीटरखाली ठेवा, आणि तो नाव लिहूनच देता येईल असा करा. दोन वेगळे हो-नाही पर्याय ठेवू नका. ड्रॉपही खरं आणि स्ट्रिक्टही खरं असं कुणी दिलं तर काय करायचं, हा निष्कारण नवा प्रश्न उभा राहतो. भरणीसाठी मात्र वेगळं फंक्शन काढा. भरणी झाली की परत मिळणाऱ्या गोष्टीचा अर्थच बदलतो: तुकडे पुन्हा जोडले तर मूळ यादी मिळत नाही. आणि भरणीला नन हे पायथनचं ‘काहीच नाही’ असं मूल्य स्वतःहून निवडू नका. यादीत खराखुरा नन असू शकतो, मग भरणी कुठली आणि डेटा कुठला हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. भरणी काय हवी ते वापरणाऱ्यालाच सांगू द्या, सक्तीनं.

रिकाम्या यादीचंही इथेच ठरवून टाका. रिकामी यादी दिली तर एकही तुकडा नाही, की एक रिकामा तुकडा? हॅस्केल या भाषेच्या स्प्लिट या पॅकेजमध्ये चंक्सऑफ नावाचं फंक्शन आहे, आणि त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हे मुद्दाम लिहिलेलं आहे: रिकाम्या यादीचं उत्तर रिकामी यादीच, आत रिकामी यादी असलेली यादी नव्हे. पुढे कारण म्हणून एक नियम दिला आहे. पहिल्या यादीची लांबी मापाच्या पटीत असेल, तर दोन याद्यांचे वेगवेगळे तुकडे पाडून जोडले काय किंवा याद्या आधी जोडून मग तुकडे पाडले काय, उत्तर एकच यायला हवं. आता पहिली यादी रिकामी घेऊन बघा. तिची लांबी शून्य, म्हणजे कुठल्याही मापाच्या पटीतच. तिच्यातून एक रिकामा तुकडा निघाला तर नियम तिथेच मोडतो. मला हा नियम फार आवडतो, कारण आवडीनिवडीचा वाटणारा प्रश्न तो एका ओळीत निकाली काढतो. लोकांची अपेक्षा उलटी असू शकते, कारण रिकामी स्ट्रिंग स्वल्पविरामावर तोडली तर पायथन एक रिकामा तुकडा देतं. म्हणून हे डॉक्युमेंटेशनमध्ये उदाहरणासह लिहा.

मापाबद्दल आणखी एक गोंधळ कायम होतो. दहा आणि चार एवढंच सांगितलं तर चार-चारचे तुकडे हवेत की एकूण चार तुकडे? ही दोन वेगळी कामं आहेत. चार तुकडे हवे असताना बरेच जण दहाला चारनं भागून वरच्या पूर्णांकाला नेतात आणि तीनच्या मापानं कापतात: ३, ३, ३, १. शेवटच्या वर्करला एकच काम मिळतं. दहाचे सहा तुकडे करायला गेलात तर आणखी वाईट. माप येतं दोन आणि तुकडे निघतात पाचच, सहावा वर्कर बसून राहतो किंवा त्याची वाट बघणारं कोड अडकतं. नमपाय या आकडेमोडीच्या पायथन लायब्ररीतलं ॲरे_स्प्लिट हे काम नीट करतं. भागाकाराची बाकी जितकी, तितक्या पहिल्या तुकड्यांना एकेक घटक जास्त, म्हणजे ३, ३, २, २. त्याचंच भावंड असलेलं साधं स्प्लिट समान भाग पडत नसतील तर एरर देतं. तुमच्या लायब्ररीत दुसरं फंक्शन घालायचंच असेल तर हे घाला, पण नाव पूर्ण वेगळं ठेवा. एकाच फंक्शनला दोन्ही कामं देऊ नका.

आता दुसरा प्रश्न, एकदम की एकेक. बाहेरची पातळी लेझी ठेवा, आतला तुकडा मात्र पूर्ण भरलेला द्या. म्हणजे तुकडे मागितले तसे एकेक निघतील, पण हातात आलेला प्रत्येक तुकडा हा खरा टपल किंवा लिस्ट असेल. मेमरीत एका वेळी एका मापाइतकेच घटक राहतात, आणि एवढी बचत बहुतेक कामांना पुरते.

आतला तुकडाही लेझी ठेवायचा मोह होतो, कारण तसं कोड दिसायला फार सुंदर दिसतं. मोह टाळा. काय होतं ते जवळून बघू. पुन्हा १ ते ७, माप ३. जुन्या रेसिपीत प्रत्येक तुकडा असा बनायचा: इटरेटरमधून एक घटक नेक्स्टनं ओढून घ्यायचा, त्याला पुढचे दोन देणारं आयस्लाइस चेननं जोडायचं, आणि ती जोडणी यील्ड करायची, म्हणजे बाहेर द्यायची. लूपमध्ये प्रत्येक तुकडा पूर्ण वाचून मगच पुढच्याकडे गेलात तर सगळं बरोबर चालतं. पण कुणीतरी आधी सगळे तुकडे लिस्टमध्ये गोळा केले, तर? प्रत्येक तुकडा बनताना फक्त त्याचा पहिला घटक ओढला जातो, बाकीचे दोन कुणी मागितलेलेच नाहीत. त्यामुळे दुसऱ्या तुकड्याचा पहिला घटक होतो २, तिसऱ्याचा ३. शेवटी तीन तुकड्यांऐवजी सात तुकडे हातात येतात आणि प्रत्येकात एकच घटक. कुठेही एरर नाही. पायथनच्या इटरटूल्स मॉड्यूलमधलं ग्रूपबाय हे गट पाडणारं फंक्शन वापरताना लोक पडतात तो खड्डाही हाच: आतला गट आणि बाहेरचा लूप एकाच इटरेटरवर बसलेले असतात.

त्या रेसिपीत आणखी एक दोष होता. इटरेटर संपला की आतला नेक्स्ट स्टॉपइटरेशन (आता घटक उरले नाहीत अशी खूण) फेकायचा आणि जनरेटर त्यानंच संपायचा. २०१८ मध्ये पायथन ३.७ आलं तेव्हा जनरेटरच्या आतून निसटलेल्या स्टॉपइटरेशनचं रनटाइमएररमध्ये रूपांतर होऊ लागलं, पेप ४७९ या पायथनमधल्या बदलाच्या प्रस्तावात ठरल्याप्रमाणे. वर्षानुवर्षं निमूट चालणारे तुकडे पाडणारे जनरेटर त्या एका अपग्रेडनंतर शेवटच्या तुकड्यावर पडायला लागले. इंटरनेटवर ही रेसिपी अजून फिरते आहे. तुमच्या कोडमध्ये जनरेटरच्या आत उघडा नेक्स्ट असेल तर आधी तो काढा.

त्याऐवजी सरळ पद्धत वापरा. सुरुवातीला एकदाच आयटर म्हणून इटरेटर बनवा, मग लूपमध्ये आयस्लाइसनं मापाइतके घटक काढून टपल करा, टपल रिकामा आला की थांबा. यात विसरू नये अशी एकच गोष्ट, ती सुरुवातीची आयटरची ओळ. ती राहिली आणि कुणी लिस्ट दिली, तर आयस्लाइस दर वेळी लिस्टच्या सुरुवातीपासून वाचतं, पहिलाच तुकडा पुन्हा पुन्हा मिळतो आणि लूप कधीच संपत नाही. जनरेटर दिला तर मात्र तेच कोड बरोबर चालतं, म्हणून टेस्टमध्ये फक्त जनरेटर असेल तर चूक दिसतच नाही.

माप तपासणं ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण हातातल्या कोडवर एक प्रयोग करा. लिस्टसाठी तुम्ही रेंजनं उड्या मारत स्लाइस काढत असाल, तर माप शून्य दिल्यावर रेंज स्वतःच तक्रार करतं. उणे तीन दिल्यावर मात्र करत नाही. शून्यापासून दहापर्यंत उणे तीनच्या उड्या म्हणजे रिकामी रेंज, म्हणजे एकही तुकडा नाही, म्हणजे सगळा डेटा गायब. माप कुठूनतरी हिशेब करून येत असेल तर उणे आकडा अशक्य नसतो. वेगवेगळ्या भाषांनी इथेही वेगवेगळं वागायचं ठरवलंय: रस्ट आणि गो पॅनिक करतात, म्हणजे प्रोग्रॅम तिथेच थांबवतात, जावास्क्रिप्टच्या लोडॅश लायब्ररीचं चंक रिकामा ॲरे परत देतं, हॅस्केलचं चंक्सऑफ शून्य मापावर रिकाम्या याद्यांची न संपणारी यादी देतं. तुम्ही एकपेक्षा कमी मापाला सरळ व्हॅल्यूएरर द्या.

आणि ती एरर केव्हा येते तेही बघा. तुमचं फंक्शन जर स्वतःच जनरेटर असेल, म्हणजे त्यात यील्ड असेल, तर फंक्शन बोलावल्यावर आतली एकही ओळ चालत नाही, मापाची तपासणीसुद्धा नाही. पहिला तुकडा मागितला की मग ती चालते. मोठ्या प्रोग्रॅममध्ये या दोन जागांमध्ये चार फाइलींचं अंतर असू शकतं, आणि ट्रेसबॅक (एरर कुठे आली ते दाखवणारा मजकूर) चूक केलेल्या जागेऐवजी चूक उघडी पडलेल्या जागेकडे बोट दाखवतो. उपाय सोपा आहे. बाहेरचं साधं फंक्शन ठेवा, त्यात माप तपासा, आणि आतल्या जनरेटरला बोलावून तो परत द्या. चार ओळी वाढतात, पण चूक जिथे झाली ती जागा अचूक मिळते.

तुकडा कुठल्या प्रकारचा द्यायचा? स्लाइस करता येणाऱ्या गोष्टीला स्लाइसच द्यावा असं एक मत आहे, म्हणजे स्ट्रिंगचे तुकडे स्ट्रिंग, बाइट्सचे बाइट्स. मोअर-इटरटूल्स या पायथनच्या बाहेरच्या लायब्ररीत यासाठी स्लाइस्ड हे वेगळं फंक्शन आहे, आणि कुठल्याही इटरेबलसाठी लिस्ट देणारं चंक्ड वेगळं. मलाही वेगळंच बरं वाटतं. दिलेल्या गोष्टीचा प्रकार बघून परत मिळणाऱ्याचा प्रकार बदलणारं फंक्शन टाइप-हिंटमध्ये लिहायला त्रासाचं, आणि वापरणाऱ्याच्या डोक्यात बसायला त्याहून जास्त.

तुकडा ही नक्कल आहे की मूळ यादीवरची खिडकी, हेही सांगा. पायथनच्या लिस्टचा स्लाइस नक्कल असतो, नमपायच्या ॲरेचा स्लाइस खिडकी असते. तिथे तुकड्यात लिहिलं की मूळ ॲरे बदलतो. गोमध्ये २०२४ साली, १.२३ मध्ये स्लाइसेस पॅकेजात चंक आलं, आणि त्यात एक बारीक काळजी घेतलेली आहे. गोचे स्लाइस मूळ मेमरीवरच्या खिडक्याच असतात, त्यामुळे एका तुकड्याला कुणी अपेंड केलं तर पुढच्या तुकड्याच्या पहिल्या घटकावर लिहिलं जाऊ शकलं असतं. ते होऊ नये म्हणून प्रत्येक तुकड्याची कपॅसिटी, म्हणजे नवी मेमरी न घेता तो किती वाढू शकतो ती हद्द, त्याच्या लांबीइतकीच कापून दिली जाते. तो तुकडा वाढवायला गेलं की नवी मेमरी घेतली जाते, शेजाऱ्याला धक्का लागत नाही. कोटलिनमध्ये चंक्डला रूपांतराचं फंक्शन देता येतं, तेव्हा त्या फंक्शनला मिळणारी लिस्ट फक्त त्याच्या आतच वैध असते असा इशारा दिलेला आहे. ती बाहेर साठवून ठेवली तर नंतर आत भलतेच घटक सापडतील. दोन्हीकडे कामाचा वेग जपलाय, फक्त एकानं वापरणाऱ्याला सांभाळून घेतलं आणि दुसऱ्यानं त्याला सांगून ठेवलं. दोन्हींपैकी काहीतरी करावंच लागतं.

स्ट्रिंगबद्दल थोडं थांबून लिहितो, कारण मराठी मजकुरावर काम करणाऱ्याला हे हमखास भेटतं. क्षितिज हा शब्द घ्या. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात: क्षि, ति, ज. युनिकोडच्या हिशेबात सात कोडपॉइंट, म्हणजे स्वतंत्र क्रमांक असलेली चिन्हं, आहेत: क, हलन्त, ष, इकार, त, इकार, ज. यूटीएफ-८ मध्ये यातल्या प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण २१. पायथनची स्ट्रिंग कोडपॉइंट मोजते. त्यामुळे माप ३ दिलं की पहिला तुकडा क्ष, दुसरा तुकडा एका सुट्या इकारानं सुरू होतो, आणि स्क्रीनवर ठिपक्यांच्या गोलावर बसलेली वेलांटी दिसते. बाइटवर माप १० लावलं तर चौथा कोडपॉइंट मधोमध तुटतो आणि तो तुकडा एकटा डीकोडच होत नाही. बाइट्सच्या तुकड्यांसाठी पायथनच्या कोडेक्समध्ये इन्क्रिमेंटल डीकोडर आहे. तो अर्धवट बाइट स्वतःकडे ठेवतो आणि पुढच्या तुकड्याला जोडून घेतो. अक्षरांवर कापायचं असेल तर ग्राफिम क्लस्टर, म्हणजे वाचणाऱ्याला एक अक्षर वाटणारे कोडपॉइंटचे गट, मोजावे लागतात, त्यासाठी रेजेक्स नावाच्या बाहेरच्या मॉड्यूलची मदत घेता येते. त्यातही क्ष सारखं जोडाक्षर एकच क्लस्टर मानायचा नियम युनिकोडमध्ये २०२३ सालच्या १५.१ आवृत्तीत आला. जुन्या नियमांवर चालणारी साधनं अजूनही क् आणि षि वेगळे करतात. तुमच्या लायब्ररीनं यात उतरू नये. स्ट्रिंगचे तुकडे कोडपॉइंटवर पडतात आणि अक्षर तुटू शकतं, एवढं मात्र डॉक्युमेंटेशनच्या पहिल्याच भागात लिहा.

लोक तुकडे पाडतात कशासाठी, हे बघितलं तर उत्तर बहुतेक वेळा पलीकडची मर्यादा हेच असतं. एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये एका स्टेटमेंटमधल्या बदलत्या मूल्यांची मर्यादा पूर्वी मुळात ९९९ होती, २०२० च्या ३.३२.० पासून ती ३२,७६६ झाली. एसक्यूएल सर्व्हरची २,१००. ॲमेझॉनच्या एस-थ्री या फाइल-साठवणीतून एका विनंतीत १,००० वस्तू पुसता येतात, त्यांच्याच डायनॅमोडीबी डेटाबेसमध्ये एका बॅचमध्ये २५ नोंदी लिहिता येतात. इथे वारंवार होणारी चूक म्हणजे मर्यादा आणि माप एकच समजणं. डेटाबेस मूल्यं मोजतो, ओळी मोजत नाही. बारा रकान्यांची ओळ असेल तर ३२,७६६ ला बारानं भागून माप २,७३० येतं. हे गणित तुमच्या लायब्ररीनं करू नये, पण उदाहरणात दाखवावं.

काही मर्यादा संख्येच्या नसतात, वजनाच्या असतात: एका विनंतीत इतक्याच किलोबाइट. तिथे ठरावीक मापाचे तुकडे उपयोगाचे नाहीत. मोअर-इटरटूल्समधलं कन्स्ट्रेन्ड_बॅचेस हे काम करतं, आणि एकच घटक मर्यादेहून जड निघाला तर मुळात एरर देतं. हेच वागणं योग्य आहे. असा घटक गुपचूप वगळला तर माझ्या त्या ३४० नोंदींसारखंच होईल.

तिसरा प्रश्न, लायब्ररी काढावी का? इटरटूल्समध्ये बॅच्ड आलं ते २०२३ मध्ये, पायथन ३.१२ सोबत. त्याआधी कित्येक वर्षं डॉक्युमेंटेशनमध्ये रेसिपी होती आणि जो तो ती आपापल्या प्रोजेक्टमध्ये चिकटवत होता. बॅच्ड टपल देतं, अपुरा तुकडा तसाच ठेवतं, एकपेक्षा कमी मापाला व्हॅल्यूएरर देतं. वर्षभरानं ३.१३ मध्ये त्याला स्ट्रिक्टही मिळालं. तुमचे वापरणारे ३.१३ वर असतील आणि त्यांना एवढंच हवं असेल, तर त्यांना बॅच्डच वापरायला सांगा. जुन्या आवृत्त्यांवर असतील तर मोअर-इटरटूल्स आहे, ते खूप प्रोजेक्टमध्ये आधीपासून बसलेलं असतं.

छोट्या लायब्ररीची किंमत वापरणाऱ्यालाही मोजावी लागते. २०१६ च्या मार्चमध्ये एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारावरून लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज काढून घेतलं गेलं आणि जगभरातले बिल्ड पडले. त्यामुळे पंधरा ओळींसाठी आणखी एक डिपेंडन्सी घ्यायला लोक कचरतात, आणि ते बरोबरच आहे. माझं प्रामाणिक मत विचाराल तर फक्त मापानं तुकडे पाडण्यासाठी वेगळी लायब्ररी काढू नका. पण उरलेला तुकडा टाकायचा, ठेवायचा, थांबायचं की वेगळा हातात घ्यायचा, हे चारही नीट नावांनी देणार असाल, समान वाटणी आणि वजनाची मर्यादा तिच्या शेजारी ठेवणार असाल, आणि सगळ्यांची टाइप-हिंट चोख असेल, तर ती मी स्वतः वापरेन. विशेषतः उरलेला तुकडा रस्टसारखा वेगळा हातात देणं बॅच्डमध्ये नाही.

टेस्टबद्दल. नेहमीची आठ-दहा उदाहरणं लिहाच: लांबी शून्य, एक, मापाहून एक कमी, बरोबर माप, मापाहून एक जास्त, मापाच्या दुप्पट. पण यावर हायपोथेसिससारख्या, स्वतःच वेगवेगळी उदाहरणं बनवून बघणाऱ्या लायब्ररीनं नियम तपासा. सगळे तुकडे जोडले की मूळ यादी मिळते. शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा बरोबर मापाचा. शेवटचा कधीच रिकामा नाही. हॅस्केलचा तो जोडणीचा नियमही इथे जसाच्या तसा लिहिता येतो.

एक टेस्ट मात्र बहुतेकांकडे नसते. इटरटूल्सच्या काउंटनं न संपणारी मोजणी १ पासून सुरू करा, तो इटरेटर हातात ठेवा, तुमच्या फंक्शनला माप ३ देऊन फक्त एक तुकडा मागा, आणि मग मूळ इटरेटरलाच पुढचा घटक विचारा. ४ यायला हवा. ५ आला तर तुमचं फंक्शन पुढे काही उरलंय का हे बघण्यासाठी एक घटक जास्त ओढतंय. फाइल वाचताना त्यानं काही बिघडत नाही, पण नेटवर्कवरून येणाऱ्या संदेशांवर बसवलं तर तिसरा संदेश आल्यावरही पहिला तुकडा बाहेर पडणार नाही, चौथा येईपर्यंत अडकून राहील. वर सांगितलेली टपल आणि आयस्लाइसची पद्धत ही टेस्ट पास होते. तुमचं सध्याचं कोड होतं का ते आधी बघा, मग आवृत्तीचा आकडा टाका.